लंकेच्या पाहुण्यांचं जेवण

शाळेत मी भूगोल शिकवायचे तेव्हा श्रीलंका एका तासात उरकायची. फळ्यावर कैरीसारखं बेट काढायचं, बाजूला नारळ, चहा, रबर लिहायचं, 'हवामान उष्ण व दमट' म्हणायचं आणि घंटा झाली की ब्रह्मदेशाकडे वळायचं. तिथली माणसं कशी नेसतात, कधी जेवतात असं कुणी विचारलं असतं, तर मी त्यालाच खाली बसवलं असतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. थंडीचे दिवस. लंकेतले एक वृद्ध भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, आणि दोन उपासिका शिरपूरला आमच्या बौद्ध वस्तीत येणार, आणि त्यांचं जेवण आमच्या घरी, असं बैठकीत ठरलं. "मॅडमना भूगोल येतो," एवढ्यावर सगळं माझ्या गळ्यात पडलं. त्यांचा दौरा आखणाऱ्यांचं जळगावहून पत्र आलं, त्यात एकच अट होती: भन्ते दुपारनंतर अन्न घेत नाहीत, बाराच्या आत वाढावं. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत उपाशी.

माय पहाटे चारलाच उठली. वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, भात शिजवला. दर थोड्या वेळानं मला विचारायची, "त्यास्ले भरीत चाली का?" मी चालेल म्हणायचे. मला काय माहीत होतं, डोंबल!

जीप दहाला यायची, ती अकराला आली. उपासिकांना पाहून वस्तीतल्या बायका माझी भीती वाढेल इतक्या पुढे सरकल्या. साडी आमच्यासारखीच पांढरी, पण कमरेभोवती तिच्याच निऱ्यांची झालर काढलेली, आणि पदर डोक्यावर न घेता खांद्यावरून मागे सोडलेला. एका म्हातारीनं ती झालर सरळ हातात धरून पाहिली. धाकटी उपासिका हसली आणि निऱ्या कशा घालतात ते तिथंच उभ्यानं दाखवू लागली. मी मात्र घड्याळाकडे बघत होते.

मग सुरू झाला सत्कार. आपल्याकडे पाहुण्याला हार घातल्याशिवाय जेवायला बसवत नाहीत, आणि एका घरानं हार घातला की दुसरं घर मागे राहत नाही. वस्तीत चाळीस घरं. हार संपले तेव्हा अध्यक्ष आबा बोलायला उभे राहिले. साडेअकराला मी चिठ्ठी पाठवली: आबा, आवरा. त्यांनी ती वाचली, पाण्याच्या पेल्याखाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून प्रस्तावना केली. उठून त्यांना थांबवायला हवं होतं. शाळेत पन्नास पोरांना गप्प करणारी मी, आबांपुढे तोंड उघडू शकले नाही. आजही त्याची लाज वाटते.

टाळ्या पडल्या तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. थोरली उपासिका माझ्याजवळ आली आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, वेळ गेली, भन्ते आता फक्त पाणी घेतील, वाईट वाटून घेऊ नका.

मी घरात जाऊन मायला सांगितलं. तिनं ताटावरचं फडकं काढलं होतं, ते पुन्हा घातलं. मला वाटलं, रडेल. ती शांतपणे म्हणाली, "मांगे बी लोके असंच सांगेत. आज उपास शे, म्हनेत. आपला घरनं खावानं ऱ्हाये तव्हय बठ्ठास्ना उपास ऱ्हाये."

मी नियम समजावू लागले. ती ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं हा नियम निराळ्या लोकांकडून ऐकला होता, आमच्या हातचं न खाणाऱ्यांकडून.

मी बाहेर धावले. अचानक माझाच शाळेतला धडा आठवला. भारताचं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखावृत्तावर चालतं; शिरपूर त्याच्या कितीतरी पश्चिमेला. सूर्य आमच्या डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास! दरवर्षी हे गणित मुलांकडून घोटून घेतलं आणि स्वतः कधी वापरलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी ते थोरल्या उपासिकेला सांगितलं. सांगताना भीती वाटत होती की मी एका भिक्खूला फसवून नियम मोडायला लावतेय.

तिनं ते भन्तेंच्या कानाशी सांगितलं. ते उठले, पंचशील ध्वजाच्या खांबापाशी गेले आणि खाली वाकून सावली पाहू लागले. सावली अजून पश्चिमेकडेच झुकलेली होती, म्हणजे मध्यान्ह व्हायची होती. ते काहीतरी म्हणाले, उपासिकेनं मला सांगितलं, "नियम झाला तेव्हा घड्याळं कुठे होती?"

आमच्या ओसरीत बसून भन्तेंनी भिक्षापात्र पुढे धरलं. ते दात्याच्या हातूनच अन्न घेतात, म्हणून मायला वाढावं लागलं. तिनं नजर वर न करता वाढलं, भरीत पात्राच्या काठाला लागलं. वाढून झाल्याबरोबर ती आत पळाली आणि चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून बसली.

बऱ्याच वेळानं मी आत गेले. तिनं मागे न बघताच विचारलं, "खादं?"

"हो."

"बठ्ठं?"

"बठ्ठं, माय. पात्र रिकामं केलं."

तेव्हा कुठे तिनं स्वतःसाठी भाकरी घेतली.