चादरीचा वारा, छपराचा वारा

बालवाडीतली पोरं तिला डिंकताई म्हणायची. तिच्या बोटांना कायम डिंक लागलेला असायचा, म्हणून. लग्नाआधी ती बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. तिथून आमच्या शाळेत मदतनीस म्हणून आली, ती सुई, दोरा आणि डिंकाची बाटली घेऊनच. पोरांनी चित्रांची पुस्तकं फाडायची आणि ताईने ती शिवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी शेजारच्या वर्गात पहिलीला शिकवते. मधली भिंत पातळ असल्यामुळे तिच्या सगळ्या गोष्टी मला पाठ झाल्या होत्या.

वावटळ आली त्या दुपारी बालवाडीची पोरं चटयांवर झोपली होती. आधी धूळ आली, मग पत्रे खडखडायला लागले. आम्हाला वाटलं, नेहमीचंच आहे. तेवढ्यात छपराचा एक कोपरा डब्याचं झाकण उघडावं तसा वर गेला आणि पाठोपाठ पत्रेच्या पत्रे सुटले. डिंकताईने पोरांना चटयांसकट ओढून बुटक्या टेबलांखाली कोंबलं आणि स्वतः दोन टेबलांच्या मध्ये आडवी पडून दोन्ही हातांनी टेबलांचे पाय धरून ठेवले. मी त्या दिवशी माझा वर्ग दुसऱ्या टोकाच्या पक्क्या व्हरांड्यात बसवला होता. मला फक्त आवाज ऐकू आला. तो आवाज मी इथे लिहीत नाही, मला जमणारही नाही.

पोरं सगळी वाचली. एकाची हनुवटी खरचटली, बस्स. पुस्तकांचं कपाट मात्र उताणं पडलं होतं आणि पुस्तकं पार गटारापर्यंत गेली होती.

छप्पर नवीन झालं. भिंतींना रंगही लागला. शाळा पुन्हा भरली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण पहिल्याच आठवड्यात खिडकी आपटली आणि अख्खी बालवाडी टेबलांखाली. थोड्या वेळाने बाकीची बाहेर आली, मुंगी आली नाही. मुंगी म्हणजे गॅरेजवाल्या मेस्त्रींची मुलगी. वर्गात सगळ्यात लहान, म्हणून मुंगी. ती टेबलाखालीच जेवायला लागली, तिथेच रंगवायची, हाक मारली की तिथूनच हात वर करायची.

डिंकताईने मेस्त्रींच्या घरी जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, "आम्ही तिला सांगतो ना, काही झालंच नव्हतं म्हणून. विसरेल आपोआप."

"पण झालं होतं, दादा. ती तिथेच होती."

"ताई, उगाच खपली काढू नका."

ताई तिथून निघाली, पण तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. शाळेला पूर्वी भेट म्हणून आलेल्या पुस्तकांमध्ये हवामानाचा एक संच होता. ऊन, पाऊस, थंडी, वारा. वावटळीतून वाचलेली त्याची पानं सुकवून तिने नीट शिवून घेतली होती. त्यातलं वाऱ्याचं पुस्तक तिने एके दिवशी उघडलं. गाल फुगवलेला एक गुबगुबीत ढग होता. तो फुंकर मारतो, एका माणसाची टोपी उडते, माणूस तिच्यामागे धावतो, सगळे हसतात. वर्गात कोणीच हसलं नाही.

टेबलाखालून मुंगी म्हणाली, "हा खोटा वारा आहे."

त्या संध्याकाळी ताई थेट दिराच्या दुकानात गेली. तिचा दीर पाट्या रंगवायचा. अक्षर असं काढायचा की रस्त्याने जाणारा माणूस थांबून वाचेल. पण चित्रांच्या बाबतीत सगळा आनंद. त्याचं झाड म्हणजे काठीवर ठेवलेला फ्लॉवर.

"भावजी, मला वारा काढून द्या."

"वहिनी, बसा. पाणी घ्या. तब्येत बरी आहे ना?"

"थट्टा नको. खरा वारा पाहिजे. आपला, त्या दिवशीचा."

भावजीने ब्रश खाली ठेवला. "वारा काढता येत नाही. वाऱ्याने काय हललं, ते काढता येईल. तेही माझ्या हातून कसं निघेल, देव जाणे."

"निघेल तसं निघू दे."

त्याने काढलं. झोपलेली पोरं, धूळ, वर उचललेला पत्रा, टेबलांखालचे डोळे. जाड काळ्या रेषा, पाटीसारखे भडक रंग, पण बघताच कळत होतं. प्रत्येक पानाखाली एकेक वाक्य त्याने आपल्या झोकदार अक्षरात लिहिलं. ताईने पुस्तक शिवलं, पुठ्ठा चढवला आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात वाचायला घेतलं.

आणि सगळं फिसकटलं. पत्रा उडाल्याचं पान आलं आणि एकाने भोकाड पसरलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. एका मुलाची चड्डी ओली झाली. मुंगी टेबलाखालून निघाली ती सरळ कपाटाच्या मागे जाऊन बसली आणि घरी न्यायला येईपर्यंत तिथून हलली नाही. शेवटच्या पानावर नुसतं उघडं आभाळ होतं आणि खाली लिहिलं होतं, "छप्पर गेलं." पुस्तक तिथेच संपत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात आयांची गर्दी. मेस्त्रीही आले होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ताईला खोलीत बोलावलं. मीही बरोबर गेले.

"तुमची तळमळ मला कळते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण पोरं झोपेत किंचाळताहेत. हे पुस्तक परत वर्गात दिसता कामा नये."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. मला वाटलं, संपलं प्रकरण. दाराशी पोचल्यावर ती वळली. "हे पुस्तक नाही दिसणार. पण मी दुसरं करणार आहे, ते आधीच सांगून ठेवते."

दुसरं म्हणजे काय करायचं, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. तिने पहिलं पुस्तक उसवलं. ती पानं घरी जमिनीवर पसरून नुसती बघत बसायची. सासूबाई त्यांच्यावरून अलगद पाय टाकत जायच्या आणि म्हणायच्या, "अगं, चालायला तरी जागा ठेव."

ते सुचलं वर्गातच. एक दिवस कोणीतरी बाहेर जाताना दार सोडलं आणि ते धाडकन लागलं. पोरं टेबलांखाली गेली. ताईही गुडघे टेकून मुंगीजवळ वाकली.

मुंगीने हळूच विचारलं, "हा तोच आहे का?"

"नाही गं. हा तो नाही. हा दुसरा."

"मग हा कुठला?"

ताईला उत्तर देता येईना. नंतर जेवणाच्या सुट्टीत मला हे सांगताना ती हातात खरकटी ताटली घेऊन तशीच उभी होती. "पोरांकडे सगळ्या वाऱ्यांना मिळून एकच नाव आहे, बाई. वारा. झुळूक आली तरी तोच, दार वाजलं तरी तोच, छप्पर नेणारा तोच. मग ती घाबरणार नाहीत तर काय करतील? मी त्यांना एकच वारा दाखवला. तोही शेवटचा."

मग ती झपाटल्यासारखी कामाला लागली. रस्त्याने जाताना थांबायची, काय हलतंय, किती हलतंय ते बघायची. भावजीला दुकानाबाहेर ओढून आणायची. "हे बघा, नुसतं पान हललंय, फांदी जागची हललेली नाही. हा पहिला."

"वहिनी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"त्यालाही दाखवा."

असे एकेक वारे गोळा झाले. पानाचा वारा. पडद्याचा वारा. चादरीचा वारा, म्हणजे दोरीवरची चादर फुगवणारा. दाराचा वारा. फांदीचा वारा, ज्यात माणसाला पुढे वाकून चालावं लागतं. आणि छपराचा वारा. चादरीसाठी भावजीने सासूबाईंची जुनी चादर समोर टांगली, तेव्हा त्या बाहेर येऊन बजावून गेल्या, "ठिगळासकट काढलीस तर माझ्याशी गाठ आहे." त्याने ठिगळासकटच काढली. झाडंही त्याने पुन्हा पुन्हा काढली. फ्लॉवर जाऊन झाड दिसेपर्यंत ताईने त्याला सोडलं नाही.

छपराच्या पानावर पुस्तक थांबत नव्हतं. त्यानंतर वारा पायऱ्या उतरावा तसा खाली येत होता. फांदी, दार, चादर, पडदा. शेवटी परत एक पान, जेमतेम हलणारं.

मोठ्या बाईंनी सगळं नीट पाहिलं. चष्मा काढला. "सुंदर आहे. एवढं छपराचं पान काढून टाका, मग खुशाल वाचा."

"ते नाही काढता येणार."

"का?"

"पोरं विचारतील तो कुठे आहे म्हणून. त्यांनी बघितलाय. तो नसेल तर हे पण खोट्या वाऱ्याचं पुस्तक होईल."

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला आणि ते पान पुन्हा पाहिलं. त्यांच्यावर पालकांचा राग होता आणि तो काही चुकीचा नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण पालकांना बोलवायचं. त्यांच्या मांडीवर बसून पोरं ऐकतील. मीही बसेन. एक पोर रडलं तरी मी पुस्तक मिटणार."

"चालेल," ताई म्हणाली.

त्या दिवशी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठी माणसं त्या छोट्या छोट्या खुर्च्यांवर कशीबशी टेकली होती. मेस्त्री भिंतीला पाठ लावून उभे, हाताची घडी. मुंगी टेबलाखाली.

ताईने सुरू केलं. पानाच्या वाऱ्याशी एकाने शंका काढली, "कुठलं पान? झाडाचं की पुस्तकाचं?" ताईने लगेच पुस्तकाचं पान त्याच्या तोंडापुढे फर्रकन उलटलं. त्याचे केस उडाले. "दोन्ही," ती म्हणाली, आणि पोरं खुदकली. चादरीच्या वाऱ्याला एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, ठिगळ!" दाराच्या वाऱ्याला एक मुलगी म्हणाली, "हा आमच्याकडे रोज येतो." फांदीच्या वाऱ्याला आवाज कमी झाले. सगळ्यांना पुढचं पान कळलं होतं.

ताईने ते उघडलं. घाई केली नाही, आवाजही बदलला नाही. "हा छपराचा वारा. हा आपल्याकडे आला होता. पत्रे गेले. आपण टेबलांखाली होतो." पोरं आयांना घट्ट बिलगली. मोठ्या बाई पुढे सरकल्या. एकाचा ओठ थरथरला, पण ताईने पान उलटलं. "मग तो फांदीचा वारा झाला. मग दाराचा..."

"थांब." टेबलाखालून आवाज आला. मग मुंगीचं डोकं बाहेर आलं. "मागे जा."

ताईने पान मागे उलटलं.

"ह्याच्यानंतर हा?"

"हो."

"नेहमी?"

पुन्हा छप्पर उडणार नाही असं सांगणं सोपं होतं. ताईने तसं सांगितलं नाही. "वारा कितीही मोठा असला तरी तो थांबतो, मुंगे. नेहमी थांबतो."

मुंगीने जरा विचार केला आणि डोकं परत आत घेतलं.

कोणी रडलं नाही. मेस्त्रींनी घसा खाकरला. मला वाटलं आता हे भांडणार. ते म्हणाले, "ताई, एक राहिलंय. नवीन छपराला आम्ही जाड बोल्ट मारलेत. मी स्वतः वर चढून पाने फिरवलेत. ते कुठाय पुस्तकात? पोरांना कळायला नको का?"

"पाने म्हणजे?" मघाचाच शंकेखोर पोरगा.

"हे नटबोल्ट आवळायचे पाने रे," मेस्त्री म्हणाले आणि खाली उकिडवे बसून त्याला हाताने आवळून दाखवायला लागले. टेबलाखालून मुंगी बापाकडे एकटक बघत होती. त्याने तिच्यासमोर पहिल्यांदाच कबूल केलं होतं की ते झालं होतं.

बोल्टांचं पान शेवटी वाढवलं गेलं. त्यात मेस्त्रींच्या मिश्या जरा जास्तच झुबकेदार आल्यात, अशी त्यांची तक्रार अजून आहे.

एका वाचनाने जादू झाली, असं मी म्हणणार नाही. एक मुलगा अजूनही गडगडाट झाला की कान झाकतो. पण पोरांच्या तोंडी नावं बसली. सकाळी शाळेत येतानाच ओरडायची, "आज पडद्याचा!" त्यावरून भांडायची. मुंगी आधी टेबलाच्या कडेला आली, मग खुर्चीवर. आणि एका दुपारी माझ्या वर्गाचं दार दणक्यात लागलं तेव्हा ती त्या बाजूने धावत आली, दार उघडून आत डोकावली आणि मला म्हणाली, "बाई, घाबरू नका. दाराचा आहे."

पुढे दुसऱ्या शाळांमधून पुस्तकाला मागणी आली. ताईने प्रती शिवल्या आणि त्यातली एक घेऊन नदीपलीकडच्या बालवाडीत स्वतः वाचायला गेली. तिकडे वावटळ फिरकलीही नव्हती. छपराचं पान आलं आणि ती पोरं खदाखदा हसली. टाळ्या पिटल्या. "उडालं, उडालं!"

ताई म्हणते, ती त्या पानावरच थांबली. पुस्तक मिटून निघून जावंसं वाटलं. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या अंगावर कधी पत्रा आला नव्हता, आणि कधी येऊही नये. तिने पान उलटलं, फांदीवरून दारावर, दारावरून चादरीवर आली, बोल्टांपर्यंत सगळं वाचलं.

"परत!" पोरं ओरडली.

ताईने पाण्याचा घोट घेतला आणि पहिलं पान उघडलं.