वानखडे नर्सबाई आणि दुपारचं काम

समोरच्या माणसाशी बोलण्याआधी वानखडे नर्सबाई त्याच्या मानेला हाताची मागची बाजू लावत. माझ्याही लावली. मग म्हणाल्या, "थंड हाय बाबू. सावलीतली मान हाय हे."

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि पाऊस लागोपाठ दगा देत होता. जानेफळजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम सुरू होतं. मी तिथला हजेरी कारकून. माझी राहुटी होती, खुर्ची होती. बाया-माणसं मात्र वैशाखाच्या उन्हात माती वाहत. नर्सबाई दवाखान्यातून चालत येत, गूळ-मिठाचं पाणी पाजत आणि एका वहीत काहीतरी लिहीत.

पंधरा दिवसांनी ती वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. कोणाला ऊन लागलं, किती वाजता, सकाळी काय खाल्लं होतं, सगळं नोंदलेलं होतं. "पाहा बाबू, सारे बारा ते तीनमंधीच कोसळून राह्यले. पहाटे काम लावा, अकराले सोडा. मंग चार वाजता पुन्हा."

"नियमात बसत नाही. साहेबांना विचारावं लागेल."

"नियमाले घाम येत नाही, बाबू."

साहेबांना विचारतो म्हणून मी वही ठेवून घेतली आणि पेटीत टाकली. विचारलं नाही. आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी कौसल्या नावाची तरुण बाई टोपली घेऊन येता येता थबकली, असंबद्ध बडबडू लागली आणि कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. नर्सबाई धावत आल्या. तिला राहुटीत आणवून त्यांनी पिंपातलं पाणी तिच्यावर ओतायला सुरुवात केली.

मी ओरडलो, "अहो, पिण्याचं पाणी आहे ते! सगळ्यांचं!"

"पानी उद्या येईन. हे गेली तं नाही येनार. वारा घाला, पाहता काय?"

मी हजेरीपट घेऊन वारा घालू लागलो. बायांनी ओल्या लुगड्यांनी तिचं अंग झाकलं. बऱ्याच वेळानं कौसल्यानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माही टोपली कोठं हाय?"

तो प्रश्न ऐकून मी राहुटीबाहेर गेलो. मला तिथं उभं राहवेना.

त्या संध्याकाळी वही पेटीतून काढून नर्सबाईंना परत दिली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे काम सुरू केलं, साहेबांना न विचारता. आठवड्याभरात साहेबांची जीप आली. दुपारी एक वाजता ओस पडलेला बांध पाहून ते भडकले. मी चाचरत होतो, तेवढ्यात नर्सबाई पुढे झाल्या.

"माह्या सांगन्यावरून केलं यायनं. लिहाचं असन तं माहं नाव लिहा. पन आधी हे वाचा."

साहेब वही उभ्यानं वाचू लागले, मग बसून वाचू लागले. वेळ बदलल्यानंतरच्या शेवटच्या पानांवर ऊन लागलेल्या कोणाचंच नाव नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मोजणीत काम भरतं?"

"जास्तच भरतं, साहेब."

मंजुरीचा कागद कधी आला नाही. मनाईचाही आला नाही.

पुढं नर्सबाईंची बदली बीबी गावच्या दवाखान्यात झाली. त्यांना निरोप द्यायला मी एसटीपर्यंत गेलो. वही आठ दिवस पेटीत पडून होती, हे तेव्हा कबूल केलं.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"काऊन सांगू? तुमची नोकरी गेली असती, अन् नवा बाबू पुन्हा पह्यल्यापासून शिकवा लागला असता."

त्या हसत गाडीत चढल्या. पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं.

आता उन्हाळे वाढत चालल्याचं अभ्यासक सांगतात. उघड्यावर राबणाऱ्यांना त्याची झळ आधी बसते, त्यांच्या कामाच्या वेळा बदला, असंही ते लिहितात. माझी नात हे वाचून दाखवते, तेव्हा मला त्या बाईंच्या शाईनं लिहिलेल्या ओळी दिसतात.

गेल्या मे महिन्यात मेहकरला आमच्या गल्लीत रस्ता खोदत होते. भर दुपारी मी छत्री घेऊन बाहेर गेलो आणि काम थांबवायला सांगितलं. मुकादम ऐकेना, म्हणून त्या मातीच्या ढिगावरच बसलो. छत्री मिटली. अर्ध्या तासानं त्यानं वैतागून माणसांना सावलीत पाठवलं.

"आजोबा, तुम्ही आहात तरी कोन?" त्यानं विचारलं.

"वानखडे नर्सबाईंच्या हाताखालचा कारकून," मी म्हणालो.