पाचवीच्या आधी

रघू माझ्याशी एरवी इंग्रजीतच बोलतो. त्याचा जन्म मद्रासचा, शाळा-कॉलेज तिकडचंच. घरातलं तंजावरी मराठी त्याला नीट कळतं, पण बोलताना तो अडखळतो आणि लाजतो. त्यामुळे गेल्या महिन्यात सकाळी सकाळी त्याचा फोन आला आणि त्याने "काकू, रघू बोलतोंय" असं मराठीत सुरू केलं, तेव्हाच मी खुर्ची ओढून बसले. "आत्या गेली. झोपेंतच गेली." त्याची आत्या म्हणजे आमच्या अंबुजाक्का. मद्रासच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्यभर उंदीर पाळले. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगशाळेतले उंदीर. नोकरीतल्या त्या माझ्या पहिल्या वरिष्ठ आणि पुढे जन्माच्या मैत्रीण. लिहायचं म्हटलं तर त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण मला एकच हकिकत सांगायची आहे. ती अर्धवट ऐकलेली माणसं अजूनही 'अक्कांची ती चूक' म्हणून तिचा उल्लेख करतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. चूक होतीच. पण ती कशी झाली आणि पुढे अक्कांनी काय केलं, हे पाहायला मी तिथे होते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. ह्यांची मद्रासला बदली झाली, वेस्ट मांबलमला दोन खोल्या मिळाल्या, आणि प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी सांगलीकरीण दिवसभर घामाच्या धारा पुसत आणि शेजारच्या सांबारांना नाकं मुरडत बसले. त्या संस्थेत साहाय्यक हवी असल्याची जाहिरात आली तेव्हा निव्वळ कंटाळ्यापोटी अर्ज केला. मुलाखतीला समोर एक उंच, सावळ्या, काठाच्या सुती पातळातल्या बाई. माझं आडनाव वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोठली गो तूं?" मी चाटच पडले. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले. घरातली भाषा तेव्हाचीच राहिली होती, फक्त तिला तमिळ हेल आला होता. 'सगळे' म्हणायला त्या 'असके' म्हणत, आणि कुणाची कीव आली की तमिळमधलं 'पावम'. माझं मराठी त्यांना पुस्तक वाचल्यासारखं वाटायचं, आणि त्या मला तसं तोंडावर सांगायच्याही.

उंदरांची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीतून समुद्राचा वारा यायचा, पण वास काही तेवढ्याने जायचा नाही. दाराबाहेर भिंतीला खिळ्यांची एक ओळ होती. मद्रासच्या मुली मोगऱ्याच्या गजऱ्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि गजरा घालून आत जायला अक्कांची सक्त मनाई. उंदराची मादी वासावर जगते, तिच्या पिल्लांना मोगऱ्याचा वास लागला तर ती त्यांना परकी समजेल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सकाळी खिळ्यांवर गजऱ्यांची रांग लागायची आणि संध्याकाळी सुकलेले गजरे माळून मुली घरी जायच्या. पावडर बंद, उदबत्ती बंद, जोरात बोलणं बंद. किती पिल्लं होतील याचा तर काही नेमच नसतो. एखादी मादी चार पिल्लांवर थांबते, तर दुसरी पंधरा घालून बसते आणि दूध प्यायला जागा बाराच. अशा वेळी अक्का जास्तीची पिल्लं उचलून, हातांना दुसऱ्या मादीच्या घरट्यातला भुसा चोळून, तिच्या पोटाशी सरकवत. आम्ही त्याला दत्तकविधान म्हणत असू. वारस नाही म्हणून आमच्या तंजावरचं राज्य गेलं, इथे मी वारसांचा तुटवडा पडू देणार नाही, असं त्या गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या आणि मग हसायच्या.

त्यांच्या खोलीचा आणखी एक नियम सगळीकडे नावाजला गेला होता. व्यालेल्या मादीला पाचव्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. पिंजऱ्यावर फडकं टाकायचं, दाणापाणी बाहेरून सरकवायचं, बस्स. सुरुवातीच्या काळात कुणी ना कुणी डोकावून पिल्लं चिवडत असे आणि बिथरलेल्या माद्या सगळीच्या सगळी पिल्लं खाऊन टाकत. अक्का हवालदिल झाल्या. घरी आईपाशी बोलल्या, तर आई म्हणाली, पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीला शिवतं का कुणी? दुसऱ्या दिवसापासून तोच नियम झाला, आणि खरोखरच तो हैदोस थांबला. पाचव्या दिवशी फडकं काढून पिल्लं मोजायची, वजनं करायची, दत्तकविधानंही तेव्हाच उरकायची. आम्ही दोघी मराठी, त्यामुळे आमच्यात त्याला 'पाचवी' म्हणायची पद्धत पडली. "आज तीन पाचव्या आहेत," असं मी म्हणायचे आणि तमिळ मुली आमच्याकडे बघत राहायच्या.

अक्कांचा प्रयोग सांगायला सोपा होता. काही माद्यांना पॉलिशचा पांढरा भात, काहींना नाचणी, आणि कुणाला किती पिल्लं होतात ते पाहायचं. भातावरच्या माद्यांची पिल्लं नेहमी कमी भरायची, सहा-सातच्या वर क्वचित. म्हणजे भातावर पोसलेल्या आईला मुळात पिल्लंच कमी होतात, असा त्यांचा निष्कर्ष. कित्येक वर्षांची मेहनत होती ती. संचालकांनी वार्षिक अहवालात त्याला पहिलं पान दिलं होतं. अक्का तेव्हा विभागाच्या हंगामी प्रमुख होत्या. काम सगळं त्यांचं, पण हंगामी हा शब्द काही पुसला जात नव्हता. आता दिल्लीहून समिती येणार होती आणि त्या कामाच्या जोरावर त्यांना कायम करणार होती. तसं घडलं असतं तर त्या संस्थेतल्या पहिल्या बाई विभागप्रमुख झाल्या असत्या. आम्ही मुलींनी तर त्यांच्या खोलीला नवे पडदे कुठले लावायचे तेही ठरवून टाकलं होतं.

समितीच्या थोडं आधीची गोष्ट. भातावरच्या एका गाभण मादीचं वजन करायला मी तिला तराजूतल्या डब्यात ठेवलं आणि ती तिथेच व्यायला लागली. तिला हलवायची सोय नव्हती. अक्का आणि मी श्वास रोखून बघत राहिलो. गुलाबी, आंधळी, करंगळीच्या पेराएवढी पिल्लं एकामागून एक येत गेली. तेरा झाली. भातावरच्या मादीला तेरा. आम्ही त्यांना अलगद पिंजऱ्यात नेऊन ठेवलं, फडकं टाकलं. पाचवीला फडकं काढलं तर सहा. अक्कांनी भुशाची काडी न् काडी उलटून पाहिली, पण काहीच सापडलं नाही. मेलेलं पिल्लू मादी तसंच पडू देत नाही, खाऊन टाकते आणि घरटं साफ ठेवते. मी म्हटलं, अक्का, आपण व्यायच्या वेळी गडबड केली म्हणून झालं असेल. "असेल," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा मला सांगत होता की त्यांना ते पटलेलं नाही.

पुढच्या खेपेच्या माद्यांना त्यांनी स्वतःचाच नियम मोडून पहिल्याच दिवशी पाहिलं. हातांना त्या-त्या पिंजऱ्यातला भुसा चोळायचा, मादीला खाऊ दाखवून बाजूला घ्यायचं, मोजायचं आणि लगेच परत. नाचणीच्याही आणि भाताच्याही. दोघींना पिल्लं जवळपास सारखीच होत होती. नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटात दूध गेलं की त्याचा पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. नाचणीवरच्या पिल्लांत तो ठिपका दिसायचा. भातावरच्या कित्येक पिल्लांची पोटं नुसती गुलाबी... ती पाचवीपर्यंत टिकत नव्हती. पिल्लं कमी होत नव्हती, आम्ही मोजायलाच उशिरा जात होतो. ज्या नियमाने अक्कांचं नाव झालं होतं, त्यानेच त्यांचा निष्कर्ष बुडवला होता.

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी गेले. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्या, त्यांची आई आणि भावाचं बिऱ्हाड असे राहत. रघू तेव्हा पाळण्यात होता. आई विळीवर कोहळा चिरत बसल्या होत्या. अक्कांनी हसत हसतच तक्रार केली, की तुमच्या पाचवीने माझा घात केला, आधी गेलेली पिल्लं मोजायचीच राहिली. आई चिरता चिरता थांबल्या. मग म्हणाल्या, "पाचवीच्या आंत गेलेलें कोण मोजतें गो? आम्हीही मोजत नव्हतों."

अक्का त्यांच्यापाशी खाली बसल्या. मग विचारलं, "आम्ही भावंडें पांच ना, अम्मा?"

आईंनी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. ओठ हलत होते. एक कुंभकोणमला, पूर आला त्या साली. एक तंजावरला. एका मुलीला जावळ फार होतं. अंगठा एकेका पेरावरून पुढे सरकत गेला. "नऊ," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कोहळा चिरू लागल्या. अक्कांनी आईच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्या वयापर्यंत त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि आईलाही ते कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी मला बरोबर घेऊन त्या संचालकांकडे गेल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. संचालक माणूस भला होता, अक्कांना कायम करावं म्हणून त्यांनीच दिल्लीला शब्द टाकला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एक वाट सुचवली, आणि खरं सांगते, मलाही ती मनापासून पटली होती. समितीपुढे 'पिल्लं कमी जन्मतात' असं न म्हणता 'पाचव्या दिवशी पिल्लं कमी आढळतात' म्हणायचं. त्यात खोटं काहीच नाही. बाकीचं पुढच्या वर्षी सावकाश दुरुस्त करता येईल. अक्कांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि दारापर्यंत गेल्या. तिथून वळून त्या माझ्याशी बोलल्या, मराठीत, संचालकांना कळू नये म्हणूनच असावं.

"असके तिनें पोटांत वाहिलीं गो. मी कमी करून सांगूं?"

समितीपुढे त्या सरळ उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या की अहवालातला निष्कर्ष चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. मग उरलेला वेळ त्यांनी ती चूक कशी सापडली ते सांगितलं, आईच्या नियमासकट. मागच्या बाकावर बसून मी पदराचं टोक चावत होते. समितीतले एक गृहस्थ फार सभ्यपणे हसले. ज्यांना पिल्लं मोजता येत नाहीत त्यांच्या हाती विभाग कसा सोपवायचा, असं त्यांनी विचारलं. अक्कांनी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं... पण तो माझा स्वभाव, त्यांचा नव्हे.

प्रमुख म्हणून बाहेरून एक गृहस्थ आले. अक्का निवृत्तीपर्यंत त्यांच्या हाताखाली राहिल्या, त्या गृहस्थांना उंदीर धरायलाही अक्कांनीच शिकवलं. ज्या दिवशी ती नेमणूक जाहीर झाली त्या दिवशी मी रडवेली होऊन गेले, तर मला घेऊन त्या एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये शिरल्या, दोन डोसे खाल्ले, वर कॉफी मागवली. मग म्हणाल्या, उद्यापासून पहिल्या दिवशीची मोजणी तू करायचीस, माझा हात थोडा जड आहे. एवढंच. त्यांच्या तोंडून त्या पदाबद्दल पुढे कधी एक अक्षर ऐकलं नाही. भातावरच्या मादीला दूध का पुरत नाही यावर मात्र त्यांनी पुढची कितीतरी वर्षं घालवली. आज मागे वळून पाहते तर तेच त्यांचं खरं काम होतं. माझ्या पाहण्यात इतक्या सरळ मनाचं माणूस दुसरं नाही.

तेराव्याला मी तांबरमला गेले. निवृत्तीनंतर त्या रघूकडेच राहत होत्या. रघू जेवणाच्या टेबलापाशी स्थानिक पेपरसाठी चार ओळींचा निधनाचा मजकूर जुळवत बसला होता. एका जागी त्याचं घोडं अडलं होतं. त्याने मला विचारलं, की काकू, आत्या डॉक्टरांना, बँकेतल्या माणसांना, घरी येईल त्याला सांगायची, आम्ही नऊ भावंडं. बाबा म्हणायचे, अशी मोजायची पद्धत नसते, आम्ही पाचच. मग मी काय लिहू? उतारवयात तिचा गोंधळ होत होता का?

मी त्याला ती कोहळ्याची दुपार सांगितली. माझ्या पुस्तकी मराठीत सांगितली, आणि जिथे त्याला कळेना तिथे इंग्रजीत. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नावं काय होती, त्याने विचारलं. मी म्हटलं, नावं ठेवायची वेळच आली नव्हती. मग त्याने पाच खोडून नऊ लिहिलं.

पेपरात ते छापून आलं तोवर मी तिथेच मुक्कामाला होते; त्या सकाळी समोरच्या मामी हातात पेपर घेऊनच आल्या. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना दोन-तीनच भावंडं माहीत होती. बाकीची परदेशात असतात का, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मी रघूकडे पाहिलं.

"नाही मामी," तो म्हणाला. "ती लहानपणीच गेली. आत्याने मोजून ठेवली होती."