छताखाली न विचारायचा प्रश्न

मी उदगीरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या मानसशास्त्राच्या बाईंनी मला एका प्रशिक्षणाला मदतीसाठी पाठवलं. मदत म्हणजे सतरंज्या टाकायच्या, हजेरी घ्यायची, चहा आणायचा. प्रशिक्षण डॉक्टरांचं नव्हतं, नर्सचंही नव्हतं. समोर बसलेल्यांत आशाताई होत्या, अंगणवाडीच्या मदतनीस होत्या, एक पिठाच्या गिरणीवाली होती आणि आमच्याच गल्लीतली किराणा दुकानवाली आक्का होती. ज्यांच्याकडे दिवसभर माणसं येतात-जातात, अशा बायका निवडल्या होत्या. मन खचलेल्या माणसाजवळ कसं बसायचं, त्याचं कसं ऐकायचं आणि गरज पडली तर त्याला दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं, एवढंच त्यांना शिकवायचं होतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आईला रोज हिशेब द्यावा लागे.

"काय शिकवतेत तिथं?"

"ऐकायला शिकवतात."

"ऐकायला?" आई म्हणाली. "मग तू कशाला गेलीस? तुझ्या बापाला पाठवायचं व्हतं."

शिकवायला लातूरहून एक मॅडम येत. त्या एकेक गोष्ट सांगत आणि मग तिचा सराव करून घेत. सरावासाठी दोघी लागत, एक दुःखी बाई आणि एक ऐकणारी बाई. दुःखी बाई व्हायला कुणीच तयार होईना. गिरणीवाली म्हणाली, "उसनं दुखणं अंगावर घेऊ नये, मॅडम. जायचं नाव घेत न्हाई ते." बाकीच्यांनी माना हलवल्या. शेवटी माझ्याकडे बोट गेलं. तेव्हापासून मीच रोज दुःखी झाले. कधी सासूचा जाच असलेली, कधी झोप न येणारी, कधी नवरा गेलेली.

बायका चांगलं करत होत्या. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'आमच्या चुलत जावेचं तर याहून वाईट झालं' असं म्हणायचं नाही, हे त्यांना हळूहळू जमलं. आक्कांना शेवटचं जड गेलं, कारण त्यांना जावा खूप होत्या. पण एका जागी सगळ्याच अडकल्या. मॅडमनी सांगितलं होतं की माणूस फार खचलेला दिसला, तर सरळ विचारायचं, मरून जावं असं वाटतं का? विचारल्यानं ते मनात येत नाही. आधीच असेल तर बाहेर येतं.

कुणीच विचारेना. मी सतरंजीवर मान खाली घालून बसायचे आणि समोरची विचारायची, "जेवलीस का? झोप लागती का? पोरं बरी हायत का?" मग गप्प. मग पुन्हा, "चहा घेतीस का?"

मॅडम हसल्या. "अहो, प्रश्न राहिला."

तेव्हा आक्का उभ्या राहिल्या. कपाळावर विभूतीची पट्टी, पदर खांद्यावरून घेतलेला. दुकानात उधारी मागताना त्या जशा बोलत, तशाच बोलल्या. "मॅडम, तुमचं बरोबर असंल. पण घरात बसून असलं बोलत न्हाईत. वास्तू तथास्तु म्हणती. चांगलं बोललं तरी तथास्तु, वंगाळ बोललं तरी तथास्तु. तिला काय कळतंय, सराव चाललाय का खरं चाललंय?"

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे घरातलं तेल संपलं तरी संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. मॅडमनी शांतपणे समजावलं. बायकांनी ऐकून घेतलं, 'हाव, हाव' म्हणत होकारार्थी माना हलवल्या, आणि पुढच्या सरावात पुन्हा मला चहा विचारला.

प्रशिक्षण संपल्यावर प्रत्येकीनं आपल्या ओळखीच्या एका तरी घरी जायचं ठरलं होतं. आक्कांबरोबर मला दिलं. आमच्या गल्लीत एक मुलगी सासरहून, देगलूरहून, माहेरी आली होती. दिवस भरत आले असताना तिचं बाळ पोटातच गेलं होतं. वयानं ती माझ्याहून थोडीच मोठी. शाळेत असताना ती लंगडीत कुणाला सापडायची नाही. आता ती केस न विंचरता भिंतीला टेकून बसली होती.

आम्ही गेलो तेव्हा तिची आई शेजारीच बसली. आक्का मुलीला विचारायच्या, उत्तर आई द्यायची.

"झोप लागती का गं?"

"लागती की. आता कालच लागली व्हती."

"जेवण?"

"खाती. जरा कमी खाती, पण खाती."

आम्ही उठलो तेव्हा मुलगी आत गेली आणि घडी घातलेली एक साडी घेऊन आली. ती आक्कांच्या हातात देत म्हणाली, "तुमच्या सुनेला द्या. मला आता काय करायचीय."

तिची आई म्हणाली, "बघा, कसली दिलदार हाय." आणि डोळे पुसले.

दुकानात आल्यावर आक्कांनी साडी साबणाच्या वड्यांशेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आपल्या चीजवस्तू वाटून टाकणं ही काळजीची खूण आहे, हे मॅडमनी सांगितलेलं दोघींच्याही लक्षात होतं.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आजच विचारा. शांत, एकांताची जागा बघा. तिला एकटीला."

फोन ठेवल्यावर आक्का म्हणाल्या, "एकांत म्हणजे घरच की. घरात मी न्हाई विचारणार."

"मग दुकानात बोलवू."

"दुकानात? गल्ल्यावर लक्ष्मी बसलीय माझ्या."

"तुमच्या गच्चीवर?"

आक्कांनी विचार केला. "गच्चीला छप्पर न्हाई, हे खरं. पण पाय कशावर असतेत? घरावरच की." मग मला म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. गच्ची वास्तूत येती का न्हाई?"

मला माहीत नव्हतं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी गल्लीतल्या मठाचं आवार सुचवलं, तर त्यांनी मला जवळजवळ मारायला हात उचलला. देवाच्या दारात मरणाचं कुणी विचारतं का? मला घाई झाली होती, तरी त्यांचा राग येत नव्हता. मला वाटतं, मी एकटी असते तर मला जागा लगेच सापडली असती, पण ती मुलगी माझ्याबरोबर आली नसती.

शेवटी आक्काच उठल्या. तिच्या घरी जाऊन त्यांनी ओट्यावरूनच हाक मारली, "वैनी, पोरीला जरा मोंढ्यापर्यंत नेते. पिशवी धरायला कुणी न्हाई."

"तिची पिशवी धरायची दशा हाय का?"

"नुसती चालंल. चालली तर दोन घास जास्त जातील."

मुलगी आली. नको म्हणायचंही तिच्यात बळ नसावं.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दुपारचा सौदा उरकला होता. तुरीचे ढीग पडले होते, हमालांची ओढाओढ चालली होती, एक टेम्पो मागे येताना सारखा वाजत होता. मॅडमनी सांगितलेली शांत जागा ही खासच नव्हती. पण वर आभाळ होतं. आक्का आवाराच्या भिंतीशी थांबल्या. तूर, हरभरा, हमालांची मजुरी यावर बोलल्या. मग बोलणं संपलं. त्यांचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. आता मला विचारावं लागतं की काय, असं मला वाटलं.

"पोरी," आक्का म्हणाल्या, "एक विचारते. राग धरू नकोस. मरून जावं असं वाटायलंय का तुला?"

तेवढ्यात पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल आला. "सरका की मावशी, इथं काय लग्न जमवायलाव का?" आम्ही तिघी भिंतीला चिकटलो. तो गेला. मला वाटलं, प्रश्न त्याच्याबरोबर वाहून गेला.

"हाव," मुलगी म्हणाली. "रोज वाटतंय."

मधे बोलायचं नाही, हे आक्कांना खरंच जमलं होतं.

थोड्या वेळानं मुलगीच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"साडी दिलीस की."

"ती चांगली हाय. एकदाच नेसलेली."

"चांगली हाय म्हणूनच. माझ्या सुनेला तो रंग शोभत न्हाई, आधीच सावळी. तूच नेस."

मुलीच्या तोंडावर हसू आलं असं मी म्हणणार नाही. पण तिनं मान वर केली. आक्कांनी पुढचंही विचारलं, काही ठरवलंयस का? ठरवलेलं काही नव्हतं, पण ते मनातून जात नव्हतं. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं, हे तिनं तीन-चारदा सांगितलं. आक्कांनी प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. मग म्हणाल्या, "उद्या लातूरचे डॉक्टर सरकारी दवाखान्यात येतेत. आपण जाऊ. तोवर तू एकटी राहायचं न्हाई."

"आईला सांगू नका."

"बाकी सगळं पोटात ठेवीन. एवढं न्हाई ठेवता येत, बाय."

मग खरी अडचण आली. तिच्या आईचे गुडघे धरलेले होते, ती घराबाहेर पडत नसे. आक्कांनी ओट्यावरून पुन्हा हाक मारली, "वैनी, जरा भाईर या."

"भाईर काय हाय? आत येऊन सांग की."

आक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आत तिची आई परातीत पीठ मळत होती. आक्कांचं तोंड उघडेना. मी मागे उभी होते. मी लहान, परकी, आणि हातात वहीसुद्धा नव्हती.

"आई," मुलगी आत जाऊन म्हणाली, "मला मरावं वाटायलंय. आक्का तेच सांगायला आल्यात."

तिच्या आईचे हात पिठात तसेच राहिले. मग ती ओरडली, पण मुलीवर नाही. "आक्का! माझ्या घरात? दिवाबत्तीच्या वेळेला? हेच शिकायला गेली व्हतीस काय, फुकटचा चहा पीत?"

आक्का म्हणाल्या, "शिवी दे वैनी. कितीबी दे. पण उद्या पोरीला सरकारी दवाखान्यात न्यायचंय."

आणि तिनं दिल्या. मुलीवरून मीठ-मोहरी उतरवली, चुलीत टाकली, निखाऱ्यावर धूप घातला आणि एका हातानं गुडघा धरून सगळ्या घरातून फिरवला, कोपरा न् कोपरा. आम्ही खोकत उभ्या होतो. तिचा राग धुराबरोबर वाढत गेला. न्हाणीघराच्या दारापाशी ती थांबली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "दवाखाना किती वाजता उघडतंय?"

सकाळी रिक्षात तिची आई आक्कांशेजारी बसली नाही. पुढे ड्रायव्हरजवळ बसली. दवाखान्यात आम्ही बाकावर होतो. रात्री मुलीचं अंथरूण आपल्याजवळ घातल्याचं तिनं मला सांगितलं, आक्कांना नाही. "आत तुम्हीच जा," तीच म्हणाली. "माझ्याच्यानं ऐकवणार न्हाई ते परत."

पुकारा झाला. मुलगी उठली आणि आईकडे बघत उभी राहिली. आक्काही उठल्या होत्या. शिपाई म्हणाला, "कोण येतंय संगं? लवकर." तेव्हा तिची आई गुडघ्यांवर हात देऊन उठली, आक्कांच्या हातातली मुलीच्या कागदांची पिशवी घेतली आणि मुलीच्या मागे आत गेली. दार लागलं.

आक्का परत बाकावर बसल्या. आतलं काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ गेला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा आईचे डोळे लाल होते. मुलीचा चेहरा होता तसाच होता. औषधाचा कागद आईनं माझ्यापुढे धरला. "हे कसं घ्यायचं, वाचून सांग. पुढच्या आठवड्याला परत बोलावलंय. येशील का गं संगं, का कॉलेज बुडतंय?"

"नाही बुडत," मी म्हणाले. बुडत होतं.

मुलीची आई आक्कांशी त्यानंतरही बरेच दिवस बोलली नाही, किराणा दुसऱ्या दुकानातून नेऊ लागली. मुलगी मात्र त्या सकाळीच औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत स्वतःच जाऊन उभी राहिली होती.