बुधवारची हजेरी

ओव्हाळ मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या लाल पेनामुळे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी नुकताच प्रवेश घेतला होता. मंगळवार आणि शुक्रवार असे आठवड्यातले दोन दिवस वस्तीत जाऊन काम करायचे, त्याचे तास नोंदवायचे आणि प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा, असा नियम होता. याला आम्ही फील्डवर्क म्हणत असू. विश्रांतवाडीच्या पुढच्या एका वस्तीत पहिल्या दिवशी मी एका बाईंशी तासभर बोलले आणि कोथरूडला घरी येऊन चांगला अकरा पानी अहवाल लिहिला. स्थलांतर, असंघटित श्रम, लिंगभाव, सगळे त्यात होते. दोन दिवसांनी अहवाल परत आला तेव्हा त्यावर कुठेही खूण नव्हती. शेवटच्या पानावर लाल शाईत फक्त एक ओळ होती : “या बाईंचे नाव काय? पुढच्या वेळी विचारून या.”

मला राग आला, हे कबूल करते. शाळेपासून निबंधात पहिला नंबर कधी सोडला नव्हता. पुढच्या मंगळवारी मी जरा फणकाऱ्यानेच त्या बाईंना नाव विचारले.

“मंदा,” त्या म्हणाल्या. “मागल्या खेपेला इचारलंच न्हाई तुम्ही. म्हटलं, लागत नसंल.”

प्रा. सुजाता ओव्हाळ यंदा वयाची साठ वर्षे पूर्ण करून सेवानिवृत्त होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे ‘मॅडमच्या शिस्तप्रियतेच्या हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत आणि ‘जुने कटू प्रसंग शक्यतो टाळावेत’ असेही सुचवले आहे. मॅडमच्या शिस्तीची माझ्याजवळ खरी म्हणावी अशी एकच आठवण आहे आणि ती कटू आहे. तेव्हा संपादकांनी मला क्षमा करावी. नाही केली तरी चालेल.

मॅडम विश्रांतवाडीतच वाढल्या. वडील कारखान्यात कामगार होते. त्यांच्या बौद्ध कुटुंबात शिक्षणाला कुणाची ना नव्हती, पण एम.ए.पर्यंत पोहोचलेली पहिली मुलगी मात्र त्याच. शिकवायला लागण्याआधी त्यांनी बरीच वर्षे वस्त्यांमध्ये काम केले होते. महाविद्यालयाने त्यांना फील्डवर्कचे प्रमुख नेमले, पण बसायला खोली दिली नाही. पुस्तके शिकवणाऱ्या सर्वांना खोल्या होत्या. मॅडम पार्किंगशेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसत आणि दर आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्याशी अर्धा तास त्याच्या कामाविषयी बोलत. आम्हा पोरांनाही त्या ‘अहो’ म्हणत. “अहो गौरी, तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते नंतर सांगा. आधी त्या काय म्हणाल्या ते सांगा.” दोन वर्षांत हे वाक्य मी निदान पन्नासदा ऐकले असेल. आज एका रुग्णालयात समाजकार्यकर्ती म्हणून बसते तेव्हा माझ्या हाताखालच्या मुलींना मी हेच सांगते आणि त्यांनाही तेव्हा माझ्यासारखाच कंटाळा येतो.

आता तो प्रसंग, शेवटच्या सत्रातला. मंदाताई पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या एका कारखान्यात होत्या. यंत्रात सापडून त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला होता. दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले असते तर बसचा पास आणि दरमहाची मदत, दोन्ही सुरू झाले असते. पण सरकारी रुग्णालयात तपासणीचे डॉक्टर फक्त बुधवारी बसत. मंदाताई एकट्या जाऊन दोनदा परत आल्या होत्या. खिडकीवरच्या माणसाने त्यांना विचारले होते, “आधीच्या कागदांवर तुमची सही आहे, मग आता अंगठा का?” ज्या हाताने त्या सही करत, तोच हात गेल्याचे प्रमाणपत्र त्या मागत होत्या. हे आजही लिहिताना माझे डोके फिरते.

मी बाकावर जाऊन मॅडमना सांगितले आणि वर शहाणपणाने जोडले, “पण बुधवारी आपला फील्डवर्कचा दिवस नसतो.”

“डॉक्टरांना कळवू या का, मंगळवारी बसा म्हणून?” मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बुधवारी जा. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत जा. मी सांगितलं म्हणून जा.”

सहा बुधवार गेले. एकदा फोटो चालेना, एकदा हाडांचे डॉक्टर रजेवर, एकदा संगणक बंद. सहाव्या बुधवारी प्रमाणपत्र मिळाले. मंदाताईंनी ते डाव्या हाताने घडी न घालता पिशवीत ठेवले आणि मला रुग्णालयाबाहेर उसाचा रस पाजला. मी खुशीत होते. सत्र संपताना सूचनाफलकावर नाव लागेपर्यंत खुशीतच होते.

माझी टर्म ग्रँट होणार नव्हती, म्हणजे परीक्षेलाच बसता येणार नव्हते. बुधवारचे तास फील्डवर्कच्या दिवसांत बसत नव्हते म्हणून रद्द, आणि बुधवारच्या तासिका बुडाल्या म्हणून हजेरी कमी. या तासिका कोणत्या विषयाच्या होत्या, तर समाजकल्याण प्रशासनाच्या. दुर्बलांपर्यंत शासकीय योजना कशा पोहोचतात, हे फळ्यावर शिकवले जात असताना मी त्या पोहोचवायच्या रांगेत उभी होते, म्हणून मी गैरहजर.

कार्यालयातल्या लिपिकांनी मला बाजूला घेतले. भला माणूस होता, माझे वाईट व्हावे असे त्यांना वाटत नव्हते. “अहो, एवढं काय त्यात? अहवालावर बुधवारच्या जागी मंगळवार घाला, तास मोजले जातील. हजेरीसाठी आजारपणाचं सर्टिफिकेट आणा. सगळेच आणतात.” मी प्राचार्यांकडे गेले तर त्यांनीही मान न उचलता तेच सांगितले, “नियमात बसवून आणा, मी सही करतो.” म्हणजे खरे बोलले तर वर्ष जाणार आणि दोनदा खोटे बोलले तर पदवी मिळणार. आणि ही पदवी कशाची? लोकांना त्यांचे हक्क मिळवून देण्याची!

मॅडमनी एवढेच विचारले. “तुम्ही आजारी होता का?”

“नाही.”

“आणि मंदाताईंचा कागद कुठल्या वारचा आहे?”

“बुधवारचा.”

“मग आपण का बदलायचा तो? बदलू नका. पुढचं मी बघते.”

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला मॅडमचाच जास्त राग आला होता. तत्त्व त्यांचे, वर्ष माझे! घरी बाबा तर भडकलेच. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना त्यांनी फोनही लावला होता. हे कळल्यावर त्याच रविवारी मॅडम दोन बस बदलून विश्रांतवाडीहून कोथरूडला आमच्या घरी आल्या. आईने पोहे पुढे ठेवले. बाबा म्हणाले, “अहो मॅडम, एका सहीचा प्रश्न आहे. आमचे डॉक्टर हसत देतील.”

“देतील हो,” मॅडम म्हणाल्या. “पण उद्या गौरी खिडकीच्या आत बसणार आहे. समोरचीचा खरा कागद नियमात बसत नसेल, तेव्हा ही तिला काय सांगेल? खोटा आणा म्हणून?”

बाबांनी मॅडमना आणखी पोहे घ्यायचा आग्रह केला. त्या डॉक्टरांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर तीन आठवडे मॅडम त्या सिमेंटच्या बाकावर मला समाजकल्याण प्रशासन शिकवत होत्या. तो त्यांचा विषय नव्हता. मी परीक्षेला बसू शकेन की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. “हॉल तिकीट आलं आणि अभ्यास झालेला नसला, तर ती चूक आपली,” एवढेच त्या म्हणत. दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवत आणि पुन्हा पुस्तक उघडत.

टर्मचा निर्णय करणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीच्या बैठकीला मला बोलावले होते. पाच जण एका बाजूला, मॅडम आणि मी दुसऱ्या बाजूला. मॅडमनी प्रमाणपत्राची प्रत टेबलावर ठेवली आणि शेजारी स्वतःचे पत्र ठेवले : बुधवारी जाण्याची सूचना मी स्वतः दिली होती, विद्यार्थिनीने ती पाळली, दोष असल्यास माझा आहे. एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, “मॅडम, तुमच्या लोकांचा प्रश्न आला की तुम्हाला नियम दिसत नाहीत.”

मंदाताई मॅडमच्या समाजाच्या नव्हत्या आणि मीही नव्हते. हे त्या गृहस्थांना माहीत होते की नाही, देव जाणे. खोलीत कुणीही त्यांना टोकले नाही. मीसुद्धा नाही, आणि याची लाज मला आजही वाटते.

“कुठले लोक, सर?” मॅडमनी शांतपणे विचारले. “हात गेलेले?”

माझी टर्म ‘विशेष बाब म्हणून’ ग्रँट झाली. हॉल तिकीट परीक्षेच्या आदल्या दिवशी हातात पडले आणि मी पास झाले. मॅडमना मेमो मिळाला. ‘विद्यार्थिनीस नियमभंगास प्रवृत्त केले’ असे त्यात शब्द आहेत. फील्डवर्कची जबाबदारीही काढून घेतली. त्यांनी हे मला सांगितले नाही. वर्षभराने त्याच लिपिकांकडून कळले.

आणि आता गंमत ऐका. पुढच्या वर्षी महाविद्यालयाने वेळापत्रक बदलले. फील्डवर्कचा एक दिवस शुक्रवारऐवजी बुधवार झाला. माहितीपुस्तकात याला ‘समाजाभिमुख वेळापत्रक’ असे भारदस्त नाव मिळाले आणि ती कल्पना त्याच समितीची होती असेही छापून आले. त्या पानावर मॅडमचे नाव नव्हते. नंतरच्या तुकड्यांतली कितीतरी मुले बुधवारी त्याच खिडकीशी उभी राहिली. त्यांची हजेरी लागली. मॅडमच्या सेवापुस्तकातला मेमो मात्र जागचा हललेला नाही.

मध्यंतरी मी त्यांना म्हटले, “निवृत्तीआधी निदान अर्ज तरी करा, तो मेमो मागे घ्या म्हणून.” मॅडम हसल्या. “खोटं नाहीये हो त्यात. मी नियम मोडायला सांगितला होताच.” त्यांच्या या हसण्याने माझा राग जातो असे संपादकांना वाटत असेल, तर तसे नाही. उलट तो वाढतो.

गौरव समितीने आधी हा समारंभ बुधवारी ठरवला होता. सभागृह त्या दिवशी मोकळे होते. मॅडमनी कळवले, बुधवारी सकाळी मला जमणार नाही. समितीतल्या कुणी तरी मला फोन करून वैतागून विचारले, “स्वतःच्याच सत्काराला यांना सवड नाही, म्हणजे काय?” म्हणजे हेच, की जबाबदारी काढून घेतली त्या आठवड्यापासून आजपर्यंत ओव्हाळ मॅडम आपली रजा टाकून, सुटीत, आजारातून उठून, बुधवारी त्या रुग्णालयाच्या रांगेत कुणाच्या ना कुणाच्या शेजारी उभ्या असतात. गेली काही वर्षे सोबतीला मंदाताईही असतात. कुठल्या खिडकीवर काय लागते ते आता त्यांनाच जास्त माहीत आहे, आणि नवीन आलेल्या बाईला त्या आधी नाव विचारतात.

शाल आणि श्रीफळ आपण मॅडमना जरूर द्यावे. त्या नम्रपणे घेतील. पण ज्या व्यासपीठावर त्यांना ‘शिस्तप्रिय’ म्हटले जाणार आहे, त्याच व्यासपीठावर तो मेमो मागे घेतल्याचा कागद आधी वाचून दाखवावा, अशी माझी जाहीर मागणी आहे. तो कागद कुठल्याही वारचा चालेल. फक्त तारीख खरी असावी.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो. गुडघे ठणठणीत राहोत, कारण त्या रुग्णालयाला जिने फार आहेत. आणि त्या आयुष्यात बुधवार भरपूर असोत. या बुधवारी मी रजा घेतली आहे. रांगेत त्यांच्या मागे उभी राहणार आहे.