फ्लॉपीवरचं गाव

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीसएक वर्षं टाळत आलो. टाळणं अवघड गेलं नाही, कारण कुणी कधी विचारलंच नाही. ज्याने विचारायला हवं होतं तो माझा मित्र निवृत्ती, आणि त्याची तर खात्री होती की चूक त्याचीच आहे. दीड महिन्यापूर्वी इंदापूरहून त्याच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी चष्मा पुसत होतो, तो पुसतच राहिलो. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ती वडिलांबद्दल बोलली. बाबांची रेघ किती सरळ, अक्षर किती नेटकं, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "एकदा मात्र बाबांनी बारामतीच्या तात्याकाकांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घातला होता. त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं." लोक हसले, माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. परतीच्या एसटीत भिगवण येईपर्यंत मला ते हसू तोंडावरून काढता आलं नाही.

निवृत्ती आणि मी एका गावचे, एका वर्गातले. भीमेच्या काठावरचं आमचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. आम्ही बारामतीला आलो, त्याच्या घरच्यांना इंदापूरच्या बाजूला जागा मिळाली. गावात आमची घरं दोन टोकांना होती. माझं चावडीच्या मागे, त्याचं वेशीबाहेर बौद्ध वस्तीत. पुढे तो वालचंदनगरला कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला आणि मी बारामतीत टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात टाइपरायटर भिंतीकडे सरकवून मी चार कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर तो शब्द वाढवून घेतला. मला स्वतःला येत होतं ते पोरांच्या दोन धडे पुढे, एवढंच.

एका रविवारी क्लास बंद असताना निवृत्ती एक सीडी घेऊन आला. कुठल्या तरी मासिकाबरोबर आलेली, कारखान्यातल्या सहकाऱ्याने दिलेली. तिच्यात बंदूक घेऊन बोळाबोळांतून राक्षस मारत फिरायचा खेळ होता. मी म्हणालो, "पन्नाशीला आलास, आता हे खेळणार?" तो म्हणाला, "खेळायचं कुणाला हाय? ह्याच्यासंगं हत्यारं दिल्यात बघ. बोळ, खोल्या, भिंती आपण आपल्या आखायच्या, मग त्यातनं चालायचं."

"मग?"

"मग गाव आखायचं, तात्या. आपलं. आईला दाखवायचं, दिसतंय तवर."

त्याची आई, पारूआई, त्याच्याकडेच असायची. तिला काचबिंदू होता. गेलेली नजर येणार नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ती रोज एकदा तरी पाण्यात गेलेल्या घराच्या दाराचं नाव काढायची. मागे एका कोरड्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप मागे हटलं तेव्हा निवृत्ती टेप आणि वही घेऊन गेला होता, आणि चिखलातून वर आलेली सगळी जोती त्याने मोजून आणली होती. वेशीपासून विहीर किती, विहिरीपासून त्याचं दार किती, सगळं वहीत होतं. गाव तयार होतं म्हणायचं. फक्त ते यंत्रात शिरायला तयार नव्हतं.

त्या हत्यारांनी आमचा जो छळ केला तो आठवला की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. खेळ एका दमात चालू व्हायचा, पण आखणीचा प्रोग्राम उघडला की 'मेमरी अपुरी' म्हणून परत दारात आणून सोडायचा. मेमरी मोकळी करायला माउसचा ड्रायव्हर काढला की प्रोग्राम उघडायचा, पण मग आखायचं कशाने? माउस परत घातला की मेमरी अपुरी. तीन रविवार आम्ही या दोन वाक्यांमध्ये येरझारा घातल्या. मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं तिच्यातल्या ओळी मी एकेक खोडायचो, मशीन बंद करून चालू करायचो, आणि निवृत्ती वहीत टिपून ठेवायचा, कोणती ओळ काढली की काय बिघडतं. शेवटी ओळींचा क्रम बदलल्यावर ते चाललं. का चाललं ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर दुसरं दुखणं निघालं. आखलेला नकाशा खेळात उतरवण्याआधी आणखी एका प्रोग्राममधून काढावा लागायचा. निवृत्ती त्याला गिरणी म्हणायचा. "दळाण टाकलं," म्हणायचा आणि खुर्ची मागे घेऊन बसायचा. आमच्या मशीनवर ते दळण पाऊण तास चालायचं. चाळिसाव्या मिनिटाला वीज जायची. वीज नाही गेली तर गिरणी सांगायची की अमुक भिंत जुळलेली नाही, आणि कोणती ते सांगायची नाही. याने मात्र तो चिडायचा. "आयुष्यभर रेघा जुळवल्या मी. साहेबानं कधी बोट दावलं न्हाय. आन् हे मला सांगतंय, जुळत न्हाईत." मग पुन्हा एकेक कोपरा मोठा करून बघायचा. विहिरीच्या काठाला केसाएवढी फट सापडली त्या रविवारी आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहाला गेलो.

रंगांचं तर विचारूच नका. त्या खेळात रक्ताच्या सगळ्या छटा होत्या, मातीची एक नव्हती. पांढऱ्या मातीच्या भिंती त्याने एकेक ठिपका रंगवून केल्या. राक्षस एकूण एक काढून टाकले. पण पडद्याच्या तळाशी हातातली बंदूक दिसायची, ती काही जाईना. चित्र बदलायचं हत्यार वेगळं होतं आणि ते उघडताच मशीन गोठायचं. त्यात दोन महिने गेले. अखेर त्याने बंदुकीच्या जागी आईची काठी बसवली. गोळी झाडायचं बटण दाबलं की काठी पुढे टेकायची. त्या दिवशी तो इतका खूश होता की त्याने गावभर नुसती काठी टेकत फेरी मारली.

एकदा मी म्हणालो होतो, "तू वेशीबाहेरून सुरुवात का केलीस? चावडीपासून कर, गावाचा मध्य तो." तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "चावडीपासनं गाव कसं दिसतं ते तुला ठावं हाय. आमच्या दारातनं कसं दिसतं, ते कधी बघितलंस का?" नव्हतं बघितलं. त्या रविवारी पहिल्यांदा बघितलं. त्याच्या दारातून माझ्या घराची फक्त मागची भिंत दिसत होती.

दसऱ्याला त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळची वंदना झाली की दुपारी आईला घेऊन येतो, असं त्याने ठरवलं. हार्डडिस्कवर कुणाचंच काम ठेवायचं नाही हा माझा नियम, म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी मशीनवरून त्याचं गाव स्वतः पुसायचो. ते असायचं दोन फ्लॉप्यांवर. एकीवर ड्राफ्ट्समनच्या अक्षरात 'गाव – मूळ', दुसरीवर 'गाव – नक्कल'. एसटीच्या गर्दीत वाकतील म्हणून दोन्ही माझ्याच कपाटात ठेवून तो गेला.

आता ते लिहितो, जे लिहायला बसलो आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी नेहमीप्रमाणे क्लासमध्ये हत्यारांची पूजा मांडली. टाइपरायटर, चारही कॉम्प्युटर, कळफलक, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. मग कपाटातल्या त्या दोन फ्लॉप्या आठवल्या. मनात आलं, याच्याएवढं मोठं काम या खोलीत दुसरं झालेलं नाही. त्या पाटावर ठेवल्या. कुंकू लावायला बोट नेलं आणि थांबलो. विळ्याला कुंकू लावतात ते पात्याला, मुठीला नाही. फ्लॉपीचं पातं म्हणजे आतली चकती. वरचं प्लास्टिक म्हणजे नुसती मूठ. मी पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या तपकिरी चकतीवर ओल्या कुंकवाचा एक ठिपका लावला. मूळ आणि नक्कल, दोन्हींना. माझ्याच भिंतीवर माझ्याच अक्षरात सूचना टांगलेली होती की चकतीला बोट लावू नये. पण त्या क्षणी ते मला बोट वाटलंच नाही, पूजा वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. पारूआई पांढऱ्या लुगड्यात, काठी टेकत. मी तिला पडद्यासमोर खुर्ची दिली. ती म्हणाली, "आपलं दार दिसंल नव्हं?" निवृत्ती म्हणाला, "दारातच हुबी करतो तुला." आणि त्याने मूळ फ्लॉपी घातली. आतून कर्रर्र असा आवाज आला. पडद्यावर ओळ उमटली, फ्लॉपी वाचता येत नाही, आणि खाली ते तीन शब्द, अबॉर्ट, रिट्राय, फेल. त्याने रिट्रायचं बटण दाबलं. पुन्हा तोच आवाज. पुन्हा दाबलं. किती वेळा दाबलं मी मोजलं नाही. नक्कल घातली. तेच. पारूआई पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बसली होती. "काय रं, दार उघडंना व्हय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "थांब, ड्राइव्ह साफ करून बघतो." मशीनची पेटी उघडली, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि आत फिरवला. कापूस लाल होऊन बाहेर आला... माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी तो कापूस खिशात घातला.

एवढ्या वेळात खरं बोलता आलं असतं. पण भिंतीवरची ती सूचना माझी होती. आणि त्याहून वाईट म्हणजे मला हे सांगावं लागलं असतं की तुझ्या वस्तूला मी तुला न विचारता कुंकू लावलं. निवृत्तीच्या घरात पूजा नसते आणि का नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मला वाटतं म्हणूनच मी विचारलं नाही. मी वळलो आणि म्हणालो, "व्हायरस आहे. तुझ्या त्या सीडीतूनच आलाय. दोन्ही फ्लॉप्या खाल्ल्या त्याने."

त्याने लगेच मान खाली घातली. वाद घातला असता, आवाज चढवला असता, तर कदाचित मी बोललो असतो. तो आईला म्हणाला, "माझीच चूक हाय. नुसतं कसं असतंय ते तरी दावतो." त्याने सीडीवरचा मूळ खेळ सुरू केला. करडे बोळ आले आणि तळाशी हातातली बंदूक. पारूआई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही कुणाची बंदूक रं?" आणि तिने काठी चाचपली. "चल. मला पाठ हाय घर."

पुढचे दोन रविवार निवृत्ती येऊन बसला. व्हायरस शोधायची फ्लॉपी कुठून तरी मिळवून त्याने माझी चारही मशिनं आणि पोरांच्या झाडून सगळ्या फ्लॉप्या तपासल्या. मी शेजारी बसून पोरांचे टायपिंगचे कागद तपासत होतो. "सापडंना रं, तात्या," तो म्हणायचा. "लपून बसतो तो," मी म्हणायचो. हे वाक्य मी खरोखर म्हणालो आहे, म्हणून लिहून ठेवतो. शेवटी मीच म्हणालो, वही आहे ना, परत आखू. तो म्हणाला, "नगं. तुझ्या पोरांच्या परीक्षा हायेत. एकदा घाण केली तेवढी बास." त्याने सीडी पिशवीत टाकली. मला माहीत आहे तोवर त्यानंतर तो कॉम्प्युटरसमोर बसला नाही. थंडी संपेपर्यंत पारूआईला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं होतं. ती पुढे चार वर्षं होती.

निवृत्ती जाण्याआधी दोनेक महिने मी इंदापूरला गेलो होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. 'गाव – मूळ' सदऱ्याच्या खिशात होती. तो खाटेवर उशाला टेकून बसला होता. सुजाता चहा ठेवून आत गेली. मी खिशाकडे हात नेला आणि तोच आधी बोलला. "तात्या, त्या येळला तुझं मशीन मी नासवलं. तू कदी बोलून दाखवलं न्हाईस." मी तोंड उघडलं. आणि त्यातून निघालं ते हे: "सोड रे. मी कधीच माफ केलं तुला."

तो हसला. त्याला बरं वाटलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. खिशातली वस्तू खिशातच घेऊन मी परत आलो. वाटलं, पुढच्या खेपेला सांगू...

ती फ्लॉपी आता माझ्यासमोर टेबलावर आहे. झडप सरकवली की चकतीवर तो ठिपका अजून दिसतो, वाळून काळपट झालेला, आणि त्यातून निघालेला एक बारीक गोल ओरखडा. वर त्याचं अक्षर आहे, एकही रेघ न चुकलेलं. सुजाता, मोजमापांची वही तुझ्याकडे असेल तर जपून ठेव. त्या खाटेशेजारी बसून मला तुझ्या वडिलांना म्हणायचं होतं ते एवढंच होतं. निवृत्ती, तुझी सीडी चांगली होती. व्हायरस नव्हता. बोट माझं होतं. मला माफ कर.