पदरावरची सही

बेळगाव स्टेशनात गाडी लागली तरी माझे वडील, आप्पा, माझी ट्रंक आत चढवेनात. "त्या नाटकवाल्यांचे फोटो हितंच ठेव गं," ते म्हणाले. "सासरी कुणी बघितलं तर काय म्हणतील?" मी म्हटलं, "फोटो राहिले तर मीबी राहते." सगळे हसले. मी हसले नव्हते. ट्रंक गाडीत चढली.

बेळगावात, आपल्या विणकरांच्या वडगावात राहिलेल्या बहिणींनो, तुम्हाला हे ठाऊकच आहे. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांच्या पोरांना मात्र सांगावं लागतं. संगीत नाटकाची कंपनी बेळगावात मुक्कामाला आली, की बायकांची कामं करणारे गायक नट लुगडी निवडायला आमच्या घरी यायचे. समोर धोतर-कोटात बसून चहा पिणारे बाप्ये, अन् फोटोत नऊवारी आणि नथ! मी हट्टानं फोटो मागायची आणि सही घेतल्याशिवाय सोडायची नाही. कंपनी निपाणीला हलली की नव्या कंपनीची वाट बघायची. पण त्यातल्या एकाचंही गाणं मी ऐकलेलं नव्हतं. आप्पांचा दंडकच होता, "लुगडी थेटरात जातील, पोरी जाणार न्हाईत."

त्यातला सगळ्यात नावाजलेला नट आप्पांनी विणलेलं लुगडं नेसून फोटोला बसला होता. त्यानं झोकात सही केली ती नेमकी पदरावर. मी पाणी आणायला गेले, आणि आप्पांना दिसली पदरावर शाई! फोटोवर कुणी सही करतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. लिंबू कापलं, मीठ लावलं आणि डाग काढायला बसले. मी परत येईतो निम्मी सही गायब. असं भोकाड पसरलं मी, की शेजारचे माग थांबले.

"आप्पा, कागद हाय त्यो!"

"असंल की. पदर तर माझा हाय न्हवं?"

आता हसू येतं. तेव्हा लई राग आला होता.

पुण्यात सासूबाईंनी ट्रंक उघडली. "या सगळ्या तुमच्याकडच्या बायका का गं?" हो म्हणून सुटले असते. पण मी सांगितलं, "पुरुष आहेत. नाटकात गातात. मला यांचं गाणं ऐकायचंय." यजमान म्हणाले, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत. कितीतरी महिने धोसरा लावला, तेव्हा कुठं शेजारणीबरोबर जायची परवानगी मिळाली. पुण्यात माझं 'न्हाय'चं 'नाही' झालं होतं, पण हट्ट अस्सल वडगावचा राहिला.

पदरावर सही करणाऱ्या त्याच नटाचं गाणं ऐकलं आणि रडू आवरेना. आपल्या घरी बसून चहा प्यालेल्या माणसाच्या गळ्यात हे होतं, आणि मला ते ऐकू दिलं नाही! आप्पांचा भयंकर राग आला. तेव्हाच ठरवलं, त्यांना इथं आणून बसवायचंच.

थोरल्याच्या बारशाला आप्पा आले. मी तिकिटं काढून ठेवली होती. "मी न्हाय येनार," ते म्हणाले. "मग नातू मांडीवर मिळायचा न्हाय," मी म्हटलं. मी बाळ उचललं आणि आत गेले. थोड्या वेळानं आप्पांनी ओसरीवर पटका बांधला.

दुपारचा खेळ होता. मी माडीवर बायकांत, आप्पा खाली पुरुषांत, मान घालून बसलेले. पडदा उघडला तरी वर बघेनात. आपण म्हाताऱ्याला उगाच छळलं की काय, असं वाटलं. मग त्याच नटाचं गाणं सुरू झालं. मान हळूहळू वर झाली. पद संपलं तशी लोकांनी 'वन्समोर'चा गजर केला. नट हसला, लवून नमस्कार केला, गजर थांबला. पण खाली एकच माणूस उभा राहून मागाच्या खडखडाटावर चढणाऱ्या आवाजात अजून ओरडत होता, "वन्समोर! वन्समोर!"

कंपन्या मोडल्या, बोलपट आले, आप्पाही गेले. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, की मी आता पुणं सांगते. आप्पा त्या थेटरात उभे राहून ओरडले, त्या दुपारपर्यंत मी वडगावच सांगायची.